मालनताईंचं पुरण

"हलू नकोस गं, पिशवीची चकती वाकडी बसेल," हरिहरराव म्हणाले.

मालनताई तोंडावर पदर घेऊन पलंगावर पडल्या होत्या. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट काढून दिली होती. तिथली पिशवी तीन महिने नवराच बदलत होता. चाळीस वर्षांत ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप उचलला नाही, तो आता मळ पुसायचा, कातडी कोमट पाण्याने धुवायचा आणि नाकाला रुमालही लावायचा नाही. असा नवरा अख्ख्या डोंबिवलीत शोधून सापडायचा नाही, असं त्या येईल त्याला सांगत. या एका गोष्टीवरच तर त्या तग धरून होत्या.

"उद्या गौरी जेवणार," पदराआडून त्या म्हणाल्या. "पुरणपोळ्या मीच करणार हं."

"झेपेल?"

"दुखणं पोटाचं आहे, हातांचं नाही."

हरिहररावांनी मान खाली घालून चकतीची कड दाबून बसवली. मालनताईंना तो होकार वाटला.

पिशवी रिकामी राहावी म्हणून त्या दुपारपासून जेवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन धूतवस्त्र नेसल्या, स्टुलावर बसत-उठत पुरण वाटलं आणि एकवीस पोळ्या लाटल्या. एकही फुटली नाही. "आई, मला जन्मात जमणार नाही असं," सून प्राची म्हणाली, तेव्हा कितीतरी दिवसांनी त्या मोकळं हसल्या.

नैवेद्याच्या वेळी हरिहरराव बाहेरून आले. हातात मानपाडा रोडवरच्या दुकानाचा खोका होता. त्यातल्या दोन पोळ्या त्यांनी गौरींच्या पानात वाढल्या.

"अहो, हे काय?"

"नैवेद्यापुरत्या गं. आपण तुझ्याच खायच्या."

"का?"

"सोवळ्याचं असतं ना..." ते निरांजनाची वात सारखी करत राहिले. "मला काही वाटत नाही, तुला ठाऊक आहे. देवाचं म्हणून."

"दुकानातल्या बाईच्या पोटाला काय लावलंय, ते बघून आलात?"

"बाबा, काहीतरीच हं तुमचं!" प्राची म्हणाली.

"राहू दे गं," मालनताई म्हणाल्या.

नवऱ्याने किळस केली असती, तर त्यांनी ती गिळली असती. परक्यालाही येते, त्यांची त्यांनाही येत होती. पण या माणसाने रोज हात लावला होता, आणि रोज हात लावतानाही तो त्यांना विटाळच समजत होता. आरतीभर त्यांना डोळ्यांसमोरच्या गौरी दिसल्या नाहीत.

पानं वाढली. हरिहररावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"तुझ्या हाताची चव कुणाला यायची नाही बघ. अजून एक वाढ. तू नाही बसत?"

"भूक नाही."

ते चार पोळ्या जेवले. पाचवीवर तूप सोडताना मालनताईंचा हात जराही हलला नाही. धार अगदी बारीक, पोळीच्या मधोमध पडत राहिली.