मामांचा अमृतमहोत्सवी संघर्ष

मामांना पंचाहत्तर पूर्ण होणार म्हटल्यावर चौकात फ्लेक्स लागणार, बुंदी होणार हे ठरलेलंच होतं. त्यात पुस्तकाची भर पडली, कारण जयसिंगपूरच्या त्यांच्या साडूंनी सत्तरीतच काढलं होतं, तेही सोनेरी अक्षरांत. मामा म्हणजे माझे सासरे, आप्पासो. शेतीच्या पाण्याच्या मोटारी आणि पाईप यांचं दुकान. पुस्तकाचं नाव आधी ठरलं, 'संघर्षातून सुखाकडे'. लिहायचं कुणी, हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं, पारसनं, चहाचा कप खाली ठेवायच्या आत सोडवला.

"सोनल लिहील की. मराठीतनं एम.ए. हाय, आणि घरातच असती."

घरातच असती. आदिती सात महिन्यांची. ती झोपली की मी लिहायचे आणि ती झोपायची फक्त माझ्या मांडीवर. त्यामुळं मामांचा अर्धा संघर्ष मी एका हातानं, मोबाईलवर टाइप केलाय.

सुखावरची पुस्तकं घरात कमी नव्हती. बारशाला टोपड्यांपेक्षा तीच जास्त आली. एकात लिहिलं होतं, सकाळी उठून आरशात बघून स्वतःला हसा. मी हसले. आदिती रडायला लागली. दुसऱ्यात, आई झालेल्या बाईच्या चेहऱ्यावर आपोआप तेज येतं, असं एका निवृत्त गृहस्थांनी ठामपणे सांगितलं होतं. माझ्याकडं तेज आलं नव्हतं. खरं तर काहीच आलं नव्हतं. लेक बोळकं पसरून हसायची आणि मी आठवण ठेवून तिला परत हसून दाखवायचे. तिच्या मऊ टाळूला नाक लावलं की वाटायचं, हिला कळत असेल का? कुणी विचारलं तर मी "छान" म्हणायचे.

रविवारी स्वयंपाकघरात मामा सांगायला बसले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मटार सोलत होत्या.

"लिही. रोज अनवाणी शाळेला जात हुतो. काट्याकुट्यातनं."

"सायकल हुती की तुम्हास्नी," आत्ती म्हणाल्या. "आमचा दादा मागं बसून यायचा."

"सायकलवर पाय अनवाणीच हुतं की."

मी लिहिलं, अनवाणी.

"कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला."

"लाईट गेल्यावर."

"तू मटार सोल. आता श्रद्धा. लिही, कितीबी वादळं आली तरी श्रद्धा ढळली न्हाय. देवदर्शनाला बस्तीत गेलो न्हाय, असा एकबी दिवस न्हाय."

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. या वाक्यावर आत्ती काही बोलल्या नाहीत. तेवढंच मला खटकलं.

मामा दुकानाला गेल्यावर मी विचारलं. आत्तींनी आधी मटाराची टरफलं बाजूला केली.

"पारस झाला त्या वर्साला पाय ठेवला न्हाई त्यांनी बस्तीत. माझ्यापायी. बाळ मांडीवर, आणि मला काय गोडच लागंना. रडूबी येत नव्हतं. माझी आई म्हणायची, बाहेरचं असंल. सासू म्हणायची, नाटकं हाईत. ह्यांनी देवाला लई सांगून बघितलं, मग देवावरच रुसलं. दुपारी दुकान बंद करून घरी यायचं, पारसला घ्यायचं आणि म्हणायचं, झोप तू. मग माडीवर आतनं कडी लावून लंगोट धुवायचं. कोण बघंल म्हणून."

त्यांचा हात चालूच होता. माझा थांबला.

ते पान मी आदितीच्या दोन झोपांत लिहिलं. त्यात तेज घातलं नाही, तात्पर्य घातलं नाही. मामांनी छापून आणलेला मजकूर वाचला आणि त्या पानावर लाल पेनानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

"हे काय?"

"संघर्ष," मी म्हणाले.

"ह्याला संघर्ष म्हणत्यात? साडूच्या पुस्तकात लंगोट हाय काय कुठं?"

"नको तर नको, मामा. पण एवढं सांगा. आत्ती परत कधी हसल्या?"

मामांनी पेनाला टोपण लावलं. आधी कुरकुरत, मग रंगात येऊन सांगायला लागले.

"लंगोट वाळत कुठं घालणार? गच्चीवर घातलं तर गल्ली बघणार. म्हणून दुकानाच्या गुदामात, पाईपांवर. एकदा गिऱ्हाईक आलं म्हणून घाईत एक पाईपात सारला आणि इसरलो. कागलचा एक शेतकरी नेमका त्योच पाईप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन वरडतोय, मोटार चालू हाय आन् पाणी न्हाय. सगळ्या गिऱ्हाइकांम्होरं खिशातनं लंगोट काढला. म्हणतोय, पावणं, ही कंपनीची जाळी काय? घरी येऊन हिला सांगितलं. ही जी हसली, थांबंनाच."

"आणि बस्ती?"

"गेलो की मग. अगं, आपला देव वीतराग. त्याला राग न्हाय, लोभ न्हाय. तुम्ही रुसा न्हायतर लोटांगण घाला, त्यो आपला शांत बसलाय. असल्यावर किती दिस रुसणार? मीच कंटाळलो."

मी हसले. बऱ्याच महिन्यांनी आठवण न ठेवता हसले, आणि मग त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. मामांनी चष्मा काढला. पानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पोरी, ती कधी हसली म्हणून का इचारलंस?"

"छान" ओठापर्यंत आलं होतं. ते बाहेर पडलं नाही.

मामांनी आदितीला उचललं, मोटार उचलावी तसं, दोन्ही हातांनी, खालून.

"जा, झोप. लिहू नगोस. झोप."

त्या आठवड्यात पारस मला डॉक्टरांकडं घेऊन गेला. वाटेत त्यानं पाईपाची गोष्ट जोडलेलं ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे त्यो लंगोट माझा?"

पान पुस्तकात राहिलं. मामांची एकच अट होती, अनवाणीसुद्धा राहणार. "लोकांस्नी तेवढं लागतंय," ते म्हणाले.

लागत होतंच. समारंभात प्रमुख पाहुण्यांनी चकचकीत बूट घालून अनवाणी पायांवर लांबलचक भाषण केलं. पुढचं काही त्यांनी वाचलं नव्हतं. साडूंनी आमच्या पुस्तकावरची सोनेरी अक्षरं बोटानं खरवडून बघितली. मामा खुर्चीत बसून मान डोलवत होते आणि त्यांच्या नव्या फेट्याचा शेमला आदिती चघळत होती.

जेवणाच्या रांगेत एक अनोळखी मुलगी माझ्याजवळ आली. खांद्यावर बाळ झोपलेलं, पुस्तकात बोट घालून धरलेलं.

"ते पाईपाचं पान तुम्ही लिहिलंय न्हवं? खरं हाय ते?"

"खरं हाय."

"आणि अनवाणी?"

"सायकलवर," मी म्हणाले.

ती हसली नाही. पुस्तकातलं बोट तिनं काढलं नव्हतं. "ह्यातल्या बाई कोण?" तिनं हळूच विचारलं.

पलीकडं आत्ती बुंदी वाढत होत्या. मी दाखवल्या. तिनं ताट घेतलंच नाही, रांग सोडून तिकडं निघाली.