अंदाजे रीडिंग

काकांनी वाटीतल्या पाण्यात तळवा बुडवला आणि खिडकीच्या चौकटीसमोर असा धरला, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस खिडकीला शांत राहायला सांगतोय.

“इथे आहे,” ते म्हणाले.

“काय?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“वारा.”

“मग बसा म्हणावं. चहा टाकतेच आहे.”

काका हसले नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी त्यांनी कापून ठेवली होती. ती फटीत बसवून बारीक खिळ्यांनी ठोकली, तळवा पुन्हा ओला केला, पुन्हा धरला. या वेळी गार लागलं नाही. स्टुलावरून उतरून त्यांनी वहीत लिहिलं : बाहेरची खोली, डावी खिडकी, बंद. आणि चहाची वाट न पाहता स्टूल उचलून ते उजव्या खिडकीकडे निघाले. चार दिवस त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. जेवताना ते अर्ध्या घासावरून उठत आणि दाराखाली हात घालून येत.

काकांनी छत्तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचले होते. गल्लीत त्यांना मीटरवाले काका म्हणत आणि काकूंना मीटरवाल्या काकू, ज्यात काकूंचा काही दोष नव्हता. ग्राहकाचं दार बंद असलं की बाकीचे रीडर ‘अंदाजे’ असा शेरा मारून आकडा टाकत आणि टपरीवर जात. काका त्याच दाराशी तीनतीनदा जात. एकदा पोटरीला कुत्रा चावला, तर त्यांनी आधी आकडा लिहिला आणि मग पोटरी बघितली. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हाच किस्सा सांगितला. फक्त त्यात सहानुभूती कुत्र्याकडे जरा जास्त गेली. ‘अंदाजे’ हा शब्द काकांनी आयुष्यात एकदाही लिहिला नव्हता, आणि त्यांनी सांगितलेला आकडा तपासून बघायची या घरात पद्धत नव्हती.

म्हणूनच मागच्या रविवारी मुलाने पैज लावली ती आकड्याची.

काकूंची छाती गेल्या हिवाळ्यात दोनदा भरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, यांच्या खोलीत तापमान अठराच्या खाली जायला नको. मुलगा म्हणाला, आमच्याकडे चला, हिवाळ्यापुरतं. काका म्हणाले, घर आहे आपलं. मुलगा म्हणाला, मग हीटरची दुसरी कांडी लावा, बिल मी भरतो. काका म्हणाले, दुसऱ्या कांडीने मीटर कसा पळतो ते मला सांगू नकोस, आणि माझ्या घराचं बिल माझी पेन्शन भरेल. कांडी एकच, तीही संध्याकाळचे तीन तास. बाकी ऊब घराने स्वतःची स्वतः सांभाळायची.

“ठीक आहे,” मुलगा म्हणाला. “पुढच्या रविवारी सकाळी येतो. आईच्या खोलीत अठरा असले, तर हा विषय मी परत काढणार नाही. नसले, तर दोघांनी बॅगा भरायच्या.”

“आकडा कोण वाचणार?”

“तुम्हीच वाचा, बाबा. तुमच्यावर कोण अविश्वास दाखवणार? कुत्र्यालासुद्धा जमलं नाही.”

दोघांनी मग काकूंकडे पाहिलं.

“मला काय,” काकू म्हणाल्या, “कुठेही चालेल.” आणि त्या खोकल्या.

हिवाळ्यापुरतं म्हणून नेलेलं सामान उन्हाळ्यात परत येत नाही, हे काकांनी गल्लीतल्या तीन घरांच्या बाबतीत पाहिलं होतं. त्या तिन्ही घरांचे मीटर आता हलत नव्हते. शिवाय मुलाच्या फ्लॅटमध्ये भिंतीतून आपोआप ऊब येई. कोणी काही करायला लागत नसे. गेल्या वर्षी काका तिथे चार दिवस राहिले आणि चारही दिवस सोफ्यावर बसले. चौथ्या दिवशी सूनबाई केर काढत आली, काकांनी पाय वर घेतले, आणि आपण फर्निचर झालो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

तर घर बंद करायचं होतं, आणि घरात जे आहे त्यातच. काकांच्या दोन जुन्या पँटींचे पाय कापून, वाळू भरून, तोंडं शिवून ते दारांखाली आडवे टाकले गेले. खिडक्यांना आतून फुग्याफुग्यांचं प्लास्टिक लागलं. मुलाचा टीव्ही ज्यात गुंडाळून आला होता तेच. गॅसच्या वरची जाळी तेवढी काकांनी मोकळी ठेवली, कारण माणूस गारठून मरणं आणि गुदमरून मरणं यातला फरक त्यांना कळत होता. कोठीच्या खोलीत वर एक हातभर झरोका होता. त्याचं झाकण कधीच गेलं होतं, म्हणून काकांच्या युनिफॉर्मचा जुना कोट कापून काकूंनी एक जाडजूड बोळा शिवून दिला. तो त्यात बूच मारल्यासारखा बसला. फक्त फटी बुजवायच्या लिंबी-पिवळ्या पुट्टीसाठी काकांना दुकानात जावं लागलं.

“काका, घर बंद करताय की पार्सल?” हार्डवेअरवाल्याने विचारलं. “वर पत्ता लिहून द्यायचा का?”

“पत्ता तोच राहणार आहे,” काका म्हणाले, जरा जास्तच जोरात.

एवढं करून रोज सकाळी सातला काकूंच्या उशाशी टांगलेला थर्मामीटर सोळा दाखवी. गुरुवारी सोळा. शुक्रवारी पुन्हा सोळा. काका ओला तळवा घेऊन घरभर फिरत. कुठेही गार लागत नसे. रात्री झोपताना एकोणीस, सकाळी सोळा. तीन अंश जातात कुठे? घरात दोन माणसं, दोन्ही प्रामाणिक.

शनिवारी दुपारी काकू पडल्या होत्या, तेव्हा काका एवढंसं तोंड करून कोठीत उभे होते, आणि त्यांना आपल्या धंद्यातली जुनी गोष्ट आठवली. मीटरमधली चोरी पकडायची, तर मीटर बघू नये; मीटरवरची धूळ बघावी. हात कुठे लागतो ते धूळ सांगते.

झरोक्याखालच्या फळीवर धूळ होती. मधोमध मात्र नव्हती. तिथे बोळ्याच्या आकाराचा एक स्वच्छ गोल होता, रोज काहीतरी ठेवावं आणि उचलावं तसा. शेजारच्या पिठाच्या डब्याचं झाकण त्यांनी चाचपलं. दुपार झाली तरी अजून गार.

काका स्टुलावर चढले. बोळा जागच्या जागी होता. पण त्याच्या मध्यभागी निळ्या दोऱ्याची एक छोटी लूप शिवलेली होती, बोट अडकवून ओढायला सोयीची. बुधवारी बोळा बसवला तेव्हा ती नव्हती. टाका बारीक, सरळ, गाठ आतल्या बाजूने. असा टाका या घरात एकच हात घालत असे.

छत्तीस वर्षांत काकांनी पुष्कळ चोऱ्या पाहिल्या होत्या. चोरीला सुबक मूठ लावलेली पहिल्यांदाच पाहत होते.

ते खाली उतरले आणि तरातरा निघाले, ते कोठीच्या पडद्यापाशीच थांबले, कारण पायाला काहीतरी लागलं. डब्यांच्या मागे काकूंची निळी बॅग होती. चेन अर्धी उघडी. वर काकूंचे दोन स्वेटर, औषधांची पिशवी. त्याखाली काकांची मफलर, जिचा शोध ते सोमवारपासून घेत होते. आणि मफलरमध्ये गुंडाळलेला त्यांचा टेस्टर, दोन पेचकस, पक्कड आणि मीटर वाचायची जुनी बॅटरी. बॅटरीत नवे सेल घातलेले होते. काकांनी बटण दाबून पाहिलं. लख्ख लागली.

त्यांनी बॅटरी बंद केली, होती तशी गुंडाळली, चेन होती तेवढीच ओढली.

मला काय, कुठेही चालेल. हे उत्तर काकांनी लग्नापासून घेतलं होतं. कुठे राहायचं, काय घ्यायचं, कोणाकडे जायचं. दर वेळी दारातूनच घेतलं आणि पुढे गेले. तिसऱ्यांदा सोडा, दुसऱ्यांदाही त्या दाराशी कधी परत आले नव्हते.

चहाच्या वेळी ते खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. मग पुन्हा बसले.

“त्यांच्याकडे म्हणे भिंतीतूनच गरम होतं,” ते म्हणाले.

“हो ना,” काकू बशीकडे बघत म्हणाल्या. “पाठ टेकून बसलं की बरं वाटतं.”

“पण माणसाने दिवसभर करायचं काय तिथे?”

काकूंनी बशीतला चहा संपवला. बशी पालथी घातली, सुलटी केली.

“गॅलरीच्या दारातून वारा येतो म्हणत होती सूनबाई. चांगला येतो म्हणे. आणि बाथरूमचं दार घासतं. तिथल्या माणसाला बोलावलं, तर तो येतच नाही.”

“कसा येईल? ते सरळ काम नाही. बिजागरी बघावी लागते आधी.”

“तेच म्हटलं मी.”

काका काकूंकडे बघत राहिले. काकूंनी मान वर केली.

“काय झालं?”

“काही नाही. उद्या रविवार.”

“हं.” काकू उठल्या, काकांच्या खांद्यावरचं प्लास्टिकचं कातरण उचलून चुरगाळलं. “किती दमलात हो चार दिवसांत. डोळे बघा. होतील अठरा. एवढं केलंय, नाही का होणार?”

रविवारी काकांना सात वाजायच्या आधीच जाग आली. काकू उठून गेल्या होत्या. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. काका थर्मामीटरकडे न बघता आधी कोठीत गेले. बोळा घट्ट बसलेला होता. निळी लूप नव्हती. फळीवर दोऱ्याचे दोन तुकडे पडले होते, कात्रीने कापलेले. पिठाच्या डब्याचं झाकण नेहमीच्या झाकणासारखं होतं.

ते परत आले आणि चष्मा लावून थर्मामीटरपुढे उभे राहिले. त्याची काच कोणीतरी नुकतीच पुसली होती. पारा अठराच्या रेघेवर होता. वर नाही, खाली नाही.

काकांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मग वही तशीच खिशात ठेवली.

मुलगा आला तो दारातल्या वाळूच्या पायाला अडखळूनच.

“हे कोणाचे पाय आहेत?” बूट काढता काढता तो म्हणाला. “काय बाबा, किती?”

काकू चहाचा ट्रे घेऊन खोलीच्या दाराशी आल्या होत्या. चेहरा प्रसन्न करून आल्या होत्या. पाहुण्यांसाठी करतात तसा.

काका थर्मामीटरला पाठ लावून उभे होते.

“सोळा,” ते म्हणाले.



“सोळा?” काकूंनी विचारलं.

“सोळा.”

“चष्मा लावून बघितलंत ना?”

“छत्तीस वर्षं आकडे वाचतोय मी,” काका काकूंकडे न बघता म्हणाले.

मुलगा पुढे आला नाही. या घरात तशी पद्धतच नव्हती. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हरलेल्या माणसाशी बोलतात तसं हळू बोलला.

“वाईट वाटून घेऊ नका, बाबा. हिवाळ्यापुरतंच.”

“ते राहू दे. तुमच्या गॅलरीच्या दारातून वारा येतो म्हणे?”

“आमच्या?” मुलगा गोंधळला. “नाही हो. ते दार तर एकदम—”

काकू खोकल्या. हा खोकला छातीतला नव्हता.

मुलाने आईकडे पाहिलं. आई ट्रेकडे बघत होती.

“म्हणजे... येतो,” तो म्हणाला. “तसा येतो.”

“आणि बाथरूमचं दार?”

“ते... तेही.”

“बघतो,” काका म्हणाले. त्यांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, आणि चार दिवसांनी पहिल्यांदाच खुर्चीवर बसून तो शेवटपर्यंत प्यायले. “मफलर मात्र सापडत नाहीये माझी.”

“सापडेल,” काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळ्यांचे कोपरे टिपत कोठीकडे गेल्या.