ओरेस्ते राजवाडा पाहतात

सुट्टीच्या दिवशी सान मार्कोच्या चौकात पाऊल टाकायचं म्हणजे नीवेसच्या अगदी जिवावर यायचं. सव्वीस वर्षं ती पर्यटकांना व्हेनिस दाखवत होती. आठवड्याचे सहा दिवस तेच पूल, तीच वाक्यं. पण वडिलांनी हट्टच धरला, चौकातला दोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या सत्ताधीशांचा, राजवाडा पाहायचा. ओरेस्ते ब्याऐंशी वर्षांचे. चौथ्या मजल्यावरचं घर आता झेपत नव्हतं, म्हणून सोमवारी ते खाडीपलीकडे मेस्त्रेला, मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते.

“दोजेंचा राजवाडा मी आतून पाहिलाच नाही,” ते म्हणाले.

“जन्मभर त्याच्यासमोरून मालाचा पडाव पाण्यातून नेलात की!”

“समोरून. विटा, वाळू, लोकांची फुटकी संडासाची भांडी. आत कोण बोलावणार मला?”

रांगेतच पाऊण तास गेला. आत जिने चढताना ते दर पाच पायऱ्यांनी थांबत. महासभेच्या अवाढव्य दालनात पोचेपर्यंत दोघांच्याही पायांचे तुकडे पडले होते. भिंतीलगतच्या बाकावर ओरेस्ते टेकले.

“हं, सांग आता. परक्यांना सांगतेस ते.”

“पप्पा, आज तरी माझ्या तोंडाला सुट्टी द्या.”

“तुला काम करताना मी कधी ऐकलंय?”

ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सुरू झाली. आग कशी लागली, भिंती पुन्हा कशा रंगवल्या, हजारावर सरदार इथं कसे बसत. मग तिनं छताखालच्या दोजेंच्या तसबिरींच्या ओळीकडे बोट केलं. “त्या दोजेनं राज्याशी दगा केला. मुंडकं उडवलं त्याचं, आणि तसबिरीच्या जागी काळं कापड रंगवलं...”

तिनं वळून पाहिलं. ओरेस्ते तोंड उघडं टाकून झोपले होते.

रखवालदार जवळ आला. “नीवेसबाई, इथं झोपायचं नसतं. तुम्हाला का सांगायला हवं?”

“माहितीय.”

“मग उठवा.”

“नाही उठवणार.” स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. “सोमवारी हा माणूस गाव सोडतोय. थोडा वेळ राहू द्या.”

तो घुटमळला, मग पलीकडच्या गलका करणाऱ्या घोळक्याकडे निघून गेला.

नीवेस वडिलांशेजारी बसली. इतक्या वर्षांत या दालनात ती एकदाही बसली नव्हती. त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. बूट काढावेत असं तिला फार वाटलं. समोरून लोक जात होते, कुणाला काही सांगायचं नव्हतं. ती नुसती रडत राहिली, आवाज न करता.

पाऊण तासानं त्यांनी डोळे उघडले. “कुठवर आलो?”

“संपलं.”

“छान सांगतेस. जरा लांबण लावतेस, एवढंच.”

तिला हसू फुटलं. “पुढे तुरुंग आहे. बघायचाय?”

“नको गं बाई. कुठंतरी ग्लासभर वाइन घेऊ.”

मागच्या गल्लीतल्या दुकानात ते तासभर बसले. नीवेसनं टेबलाखाली बूट काढून ठेवले.