तुतीच्या मुळाखालून

मास्तरांनी आयुष्यभर लोकांची पोटं, खांदे, मनगटं मापली, पण त्यांच्या हातचा सदरा कधी कुणाला तोकडा झाला नाही. म्हणून विजेवरच्या गाडीचा चार्जर बसवायच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाला माप घेऊच दिलं नाही. गळ्यातली टेप काढली, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून फाटकाबाहेरच्या गाडीपर्यंत सरकवत नेली आणि मान डोलावली. "पुरते. बसवा इथंच."

चार्जर भिंतीवर बसला. केबल मात्र पुरली नाही. टेप हवेतून सरळ गेली होती. केबल बिचारी भिंतीवरून खाली उतरली, जमिनीवरून सरपटली, तुतीच्या झाडाला वळसा घालून फाटकाबाहेर आली, आणि गाडीचं चार्जिंगचं तोंड निघालं पलीकडच्या अंगाला. हातभर कमी पडली. गल्ली एका दिशेची, गाडी उलटी लावायला मनाई.

"गिऱ्हाइकाच्या पोटासाठी चार बोटं माया सोडता," मास्तरांची बायको म्हणाली, "माझ्या गाडीला तेवढीही नाही?"

मास्तरांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवली.

गाडी तिची होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, कूस वळवून द्यायची, हे तिचं काम. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि लाडात आले की मास्तरसुद्धा. टेकडीपलीकडच्या वस्तीची फेरी तिला मिळत होती. त्या बाजूला चार्जिंगची सोय नव्हती, म्हणून ऑफिसनं स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी सकाळी गाडी घरूनच भरून निघाली तर फेरी तुमची, नाहीतर दुसऱ्या बाईंना देऊ. फेरी गेली असती तर सिस्टरनं एरवी मनाला लावून घेतलं नसतं. पण त्या वस्तीत एक म्हातारी होती. तिच्या पायाची जखम भरता भरत नव्हती. सिस्टर एकदाच दुसऱ्या बाईंच्या बदली तिच्याकडे गेली होती, आणि निघताना म्हातारीनं तिचं बोट धरून ठेवलं होतं. "तुझा हात हलका आहे गं. परत तूच ये." सिस्टर हो म्हणून बसली होती.

तुती फाटकाच्या आत, अगदी तोंडाशी उभी. ती नसती तर गाडी थेट भिंतीपर्यंत आली असती. हे ज्यानं त्यानं सिस्टरला एकदा तरी सांगून पाहिलं होतं. ती नुसती बघायची, आणि सांगणारा विषय बदलायचा. घर घेतलं तेव्हा ती तुती म्हणजे एक वाकडी काडी होती. मोडक्या बोटाला बांधावी तशी सिस्टरनं तिला चिंधी बांधून सरळ केली होती.

केबल तोकडी पडली त्या संध्याकाळी मास्तरांनी आपल्या डोक्यानं एक इलाज काढला. गाडीबरोबर आलेला छोटा चार्जर घेतला, इस्त्रीला लावायचा लांब वायरचा बोर्ड घेतला आणि दोन्ही जोडून गाडीपर्यंत पोचवले. गाडीवरचा दिवा लागला. मास्तर विजयी मुद्रेनं मशीनवर जाऊन बसले. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली, हवेत हुंगलं, खाली वाकली आणि बोर्डातल्या प्लगला हाताची मागची बाजू लावली, कपाळाला लावतात तशी.

"अहो, याला ताप आलाय."

प्लग चांगलाच तापला होता. प्लास्टिकचा वास सुटला होता. तिनं खटका बंद केला आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं.

वायरमनला सगळे फ्यूज म्हणायचे, कारण तो चटकन उडायचा. आला, तो बोर्ड पाहिला आणि उडालाच.

"हे कुणाचं डोकं?"

"शिंप्याचं," सिस्टर म्हणाली.

"मास्तर, दाव्यानं गाय बांधतात, हत्ती नाही. ही वायर इस्त्रीची. गाडी हिच्यातून रात्रभर पिणार, आणि तुम्ही शेजारी झोपणार." मग निवळला. निवळायचाही तितक्याच चटकन. "जोड देऊन लांबवायचं नावच काढू नका. चार्जरच उचलून फाटकाशी नेऊ. खांब रोवू, त्यावर बसवू. घरातल्या बोर्डापासून तिथपर्यंत जाड केबल, जमिनीखालून, पाइपात. वरून नेली तर तुतीच्या फांद्या घासतील. अंगणात चर खणावा लागेल. उद्या रविवार, उद्याच करू."

रविवारी सिस्टर तिच्या नेहमीच्या रोग्यांकडे गेली आणि हे दोघं चर खणायला लागले. खांब सकाळीच रोवून झाला. अंगणाच्या एका बाजूला पाण्याची टाकी, म्हणून चर दुसऱ्या बाजूनं, नळाच्या अंगानं काढायचा होता. माती वरवर भुसभुशीत, खाली घट्ट. दुपार उतरली तेव्हा फ्यूजच्या पहारीला काहीतरी लागलं. दगडासारखं खणखणलं नाही. दबलं.

मूळ होतं. मनगटाएवढं, तांबूस, चराला आडवं.

"तुतीचं," फ्यूज म्हणाला. "करवत आणतो. एका मुळानं झाड मरत नाही, मास्तर."

मास्तर मान डोलावणार होते. पण आयुष्यभराची सवय. कात्री लावण्याआधी कापड कुठून कुठे जातं ते बघायचं. "थांब जरा," म्हणाले, आणि चरात उतरले. मशीन झाडायचा ब्रश आणला. मुळावरची माती हळूहळू बाजूला करत निघाले. त्यांना वाटलं, हातभर जाईल आणि संपेल. ते संपेना. फरशीखालून गेलं, दगड आला तिथे दगडाला वळसा घालून गेलं, जुन्या भिंतीचा पाया आला तिथे खाली उतरून पलीकडे वर आलं. मास्तरांनी टेप टाकली, मग पुन्हा टाकली, पुन्हा टाकली. मग टेप गळ्यात अडकवली आणि मापायचं सोडून दिलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

मूळ नळाशी पोचलं होतं.

नळाखालच्या दगडाभोवतीची ओली माती त्यांनी बोटांनी उकरली, आणि हात तिथेच थांबले. मनगटाएवढं मूळ तिथे येऊन फुटलं होतं. बोटं झाली होती, बोटांचे धागे, धाग्यांचे केस. सगळी माती त्या केसांनी विणून काढलेली. कुठल्याही मागावर इतकं तलम विणकाम मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

मागचे उन्हाळे त्यांना आठवले. आभाळ कोरडं, गल्लीतली झाडं एकेक करून वाळली, आणि ही एकटी हिरवी राहिली. काळीजांभळी फळं फाटकाशी पडत होती, येणाऱ्याजाणाऱ्याची चप्पल रंगत होती. चिवट आहे, असं सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाले. पाणी तर तिला कुणी घालत नव्हतं.

आणि सिस्टर रोज संध्याकाळी या नळावर उभी राहत होती. परक्याचं दुखणं घरात यायला नको म्हणून घरात पाऊल टाकण्याआधी ती इथे हात धुवायची, कोपरापर्यंत, मग पाय, मग पुन्हा हात. पाऊस असो, थंडी असो. तिनं ओतलेलं पाणी दगडावरून ओघळून मातीत जायचं आणि विसरलं जायचं. अंगणाच्या त्या टोकाला एक झाड होतं. त्यानं ते विसरलं नव्हतं. अंधारात, कुणाला न सांगता, मातीचा कणन् कण चाचपत ते निघालं होतं.

फ्यूज करवत घेऊन आला. मास्तर बसलेले पाहून तोही वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग करवत भिंतीला टेकवून ठेवली.

उन्हं कलली तेव्हा सिस्टर आली. बॅग पायरीवर ठेवून सवयीनं नळाकडे गेली, आणि थबकली.

"अहो, इथं काय खणलंय?"

मास्तरांनी सांगितलं नाही, दाखवलं. नळाशी ते केस, तिथून मूळ, दगड, पाया, फरशी, थेट तुतीपर्यंत. ती बघत गेली. टोकाला पोचली, परत वळली, परत नळापर्यंत आली. मग गुडघ्यावर बसली आणि मुळाला हाताची मागची बाजू लावली.

"थंड आहे," ती म्हणाली. आणि मग, "मी रोज इथं उभी राहते. मला एकदाही कळलं नाही."

फ्यूज अडखळत म्हणाला, "वहिनी, खरं सांगतो, तोडलं की तासाभरात जोडणी होईल. उद्या सकाळी तुम्ही टेकडीपलीकडे. न तोडता करायचं म्हणजे खालून जायला लागेल. उजेड थोडाच उरलाय. जमेल असा शब्द मी देत नाही."

सिस्टर तशीच बसून राहिली. मास्तरांना तिच्या पाठीवरून कळत होतं, तिच्या डोळ्यांपुढे म्हातारीचा पाय आहे. तिनं धरलेलं बोट आहे.

"तिला मी येते म्हणाले होते," सिस्टर म्हणाली. "हिला मी ये म्हणालेसुद्धा नव्हते. तरी एवढं चालत आली." मग उठली. "खालून न्या. नाही जमलं तर सकाळी ऑफिसला मी सांगेन."

मास्तर म्हणाले, "नेफ्यात नाडी घालतो तसं केलं तर?"

"म्हणजे?"

"मुळाखाली दोन्हीकडून भोक. आधी पाइप सरकवायचा, तो झाला नेफा. मग काठीच्या टोकाला दोरी बांधून आरपार. आणि दोरीला तुझी केबल."

फ्यूज हसला. "आमच्यात याला ओढतार म्हणतात, मास्तर. आम्ही जन्मभर हेच करतो."

"नाडी तुमच्या विजेच्या आधीची आहे."

"बरं, नाडी तर नाडी. खणा."

पहार ठेवून दिली. एका बाजूनं फ्यूज, एका बाजूनं मास्तर, पोटावर पालथे पडून खुरप्यानं, मोठ्या चमच्यानं, शेवटी नुसत्या बोटांनी माती काढू लागले. सिस्टरनं बॅग उघडली. पट्ट्यांचं कापड पाण्यात बुडवून तिनं मुळाचा उघडा पडलेला भाग गुंडाळला, केसांसारखी मुळं ओल्या घडीखाली झाकली. "जखम उघडी ठेवत नाहीत," एवढंच म्हणाली. पहारीनं जिथे साल सोलली होती, तिथे तिचा हात खरोखरच फार हलका फिरला.

उजेड सरत आला तेव्हा मास्तरांच्या बोटांना मातीच्या आत फ्यूजची बोटं लागली. भोक आरपार झालं होतं.

पाइप गेला. काठी गेली, दोरी गेली. दोरीला केबल बांधून मास्तरांनी ओढली, नाडी ओढतात तशी, एका हातानं खेचत, दुसऱ्या हातानं चुण्या सोडवत. काळीभोर केबल मुळाखालून सावकाश पुढे आली. वर मूळ, खाली तार. एक नळाकडे गेलेलं, एक फाटकाकडे निघालेली.

पट्ट्या सोडवून माती लोटली. चार्जर खांबावर चढला. फ्यूजनं घरातला खटका वर केला, सिस्टरनं केबल गाडीला लावली. या वेळी सैल पोचली, वर दोन वेटोळी उरली.

"माया सोडलीय," फ्यूज मास्तरांना म्हणाला.

हिरवा दिवा लागला. आवाज काहीच नाही. सिस्टरनं प्लगला हाताची मागची बाजू लावली, मग केबलला, मग खांबाला. ताप नव्हता. गाडी पीत होती. वर तुतीची पानं वारा नसताना स्तब्ध होती, आणि तिघंही उगाच खालच्या आवाजात बोलत होते, झोपलेलं कुणी शेजारी असावं तसे.

सोमवारी उजाडता गाडी निघाली. तुतीखालून गेली, गल्लीचं वळण घेतलं आणि टेकडीच्या रस्त्याला लागली. मास्तर फाटक लावून आत आले, तर नळावरचा साबण जागेवर नव्हता. तो टाकीच्या पलीकडे, फरशीवर एका बशीत ठेवलेला होता. शेजारी बादली. साबणाचं पाणी आता मुळाकडे जाणार नव्हतं.

मास्तर नळाशी गेले. हात स्वच्छच होते. तरी त्यांनी नळ सोडला आणि साबणाशिवायच हात धुतले, कोपरापर्यंत, मग पाय, मग पुन्हा हात. पाणी दगडावरून ओघळलं, मातीवर क्षणभर चमकलं आणि दिसेनासं झालं. ते कुठे गेलं हे आता त्यांना ठाऊक होतं. तरी ते वाकून बघत राहिले.