पडद्यामागचा डावखुरा जासूस

पडदा बोलतोय मी. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या मराठी मंडळासाठी पंजाबराव शिंप्यानं मांजरपाटाचे पट्टे जोडून मला शिवलं, कडेला काळी किनार लावली. दर गणपतीत मैदानात दोन बांबूंना ताणून मला उभं करत. हिरालाल रायपूरहून भाड्यानं रिळं आणायचा आणि माझ्यावर जासूस समरजीतचा नवा भाग अवतरायचा. भाग संपतच नव्हते त्याचे.

समोर खुर्च्यांवर साहेब आणि बाबूलोक बसत. मरोद्याहून सायकलींवर येणारी कामगारांची बिऱ्हाडं माझ्या मागे सतरंज्या टाकत. तिथे वारा लागे, भोंगाही तिकडेच असे आणि चित्र आरपार दिसे. सिनेमातल्या पाट्यांवरची अक्षरं मागून उलटी दिसायची, पण अक्षरओळखच नसलेल्या मैनाबाईला त्याचं काय?

मैनाबाई म्हणजे पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करणाऱ्या मारोतरावांची बायको. तिची नलू डावखुरी. एका वर्षी सिनेमा बघताना पोर डाव्या हातानं फुटाणे खात होती. सासू ठकूबाईनं ते पाहिलं आणि हिचा हात चिंधीनं बांधून ठेव, सवय मोडेल, असं सुनावलं. मैनाबाईनं सरळ माझ्याकडे बोट केलं.

"पाहा आत्याबाई, समरजीत डाव्या हातानं गोळी झाडते. मंग माही पोरगी डाव्या हातानं जेवली त का बिघडलं?"

खलनायकही डावखुराच दिसत होता म्हणा, पण त्याच्याकडे कोण बघतं! ठकूबाईनं तोंड फिरवलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

तेव्हाचा समरजीत मला माझाच वाटायचा. काडेपेटी, नकली मिशी आणि डोकं, एवढ्यावर तो शत्रूला लोळवायचा. पुढे तोच नट केसांचा टोप घालून येऊ लागला आणि भागागणिक त्याच्या हाती बटणं आली. घड्याळ बोलायचं, गाडी उडायची, गुपित संगणक फोडायचा. खुर्च्यांवर वाद रंगे. वयस्कर म्हणत, डोक्यानं लढायचा तो खरा. तरणी पोरं म्हणत, यंत्राशिवाय जासूस कसला? मी अर्थातच वयस्करांच्या बाजूचा.

मग शहाऐंशीच्या गणपतीत मंडळाचे सचिव शामसुंदर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आले. नवा भाग यावर दाखवू, लोकांना पसंत पडला तर पडद्याला सुट्टी, असं ठरलं. माझा जीव टांगणीला लागला. वर अपमान असा, की त्या पेटीखाली टेबलावर अंथरायला घडी करून मलाच घातलं. हातभर काच ती, तरी सगळ्यांचे डोळे तिच्यावर! माझा नुसता जळफळाट झाला. हिची वायर तरी निघू दे, असं मी गणपतीला विनवलं.

पेटी भिंतीला टेकवलेली, त्यामुळे मरोद्याची मंडळीही समोरच बसली. समरजीतनं पिस्तूल काढलं आणि मैनाबाई उठून उभी राहिली.

"हा तो नोहे. आपला जासूस डावखुरा हाय."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पेटी खोटी ठरली, आता मीच!

शामसुंदरांनी मात्र शांतपणे समजावलं की बाई, तुम्ही आजवर पडद्यामागून पाहिलंत, तिथून डावं-उजवं उलटं दिसतं. तो पहिल्यापासून उजव्या हाताचाच. मंडपात हशा पिकला. मैनाबाई पदर तोंडाला लावून खाली बसली. ज्याच्या जोरावर तिनं सासूला परतवलं होतं, तो तसा नव्हताच. माझी हौसही तिथेच विरली.

शेजारी नलू बसली होती. ती आता आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचं काम शिकत होती, डाव्या हातानं यंत्रांची चित्रं काढत होती. तिनं आईचा हात धरला.

"बरं झालं आई, तू मागं बसत होती. समोर बसली असती त माहा हात बांधला असता."

मैनाबाईनं पदर खाली केला आणि पोरीचा हात न सोडता उरलेला सिनेमा पाहिला.

पसंत व्हीसीआरच पडला. तेव्हापासून मी मंडळाच्या खोलीत पडून आहे, उंदरांनी किनार कुरतडली आहे. त्या पेटीचे रंग झकास, आवाज खणखणीत, सारं कबूल. पण नलूचा हात मोकळा ठेवणं तिला जमलं असतं का?

उद्या मला फाडून फडकी करणार आहेत म्हणे. खुशाल करा. भांडी पुसा, सायकली पुसा. फक्त त्या पेटीची काच पुसायला मला घेऊ नका.