शून्याचं तिकीट

मी बसचा कंडक्टर. तापट म्हणून बदनाम, बायको तर शेजाऱ्यांनाही सांगते. पण सकाळी अकराच्या फेरीला मी लोण्याहून मऊ व्हायचो, कारण ती फेरी म्हाताऱ्यांची होती. वीस-बावीस जण, बहुतेक सगळे मोफत पासवाले. नियम असा की प्रत्येकाचा पास बघायचा आणि मशीनमधून शून्याचं तिकीट काढून द्यायचं. आता धक्के खात उभ्या असलेल्या माणसाला थरथरत्या हातांनी पिशवी उपसायला लावायची, ती कशासाठी? मी म्हणायचो, "राहू द्या हो, बसा निवांत." मग सगळ्यांचे आशीर्वाद घ्यायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचं.

त्यांच्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या रोज डबा घेऊन शुश्रूषागृहापाशी उतरायच्या. त्यांच्या यजमानांना कुणाचीच ओळख राहिली नव्हती, पण घास घ्यायचे तो बाईंच्याच हातचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायचे. तेही बाराच्या आत. नंतर त्यांना झोप लागायची आणि तो दिवस उपाशी जायचा.

मग एक दिवस नोटीस लागली. प्रवासी नाहीत म्हणून मार्गच बंद.

माझं डोकं फिरलं. तडक नियोजन विभागात गेलो आणि तिथल्या साहेबांवर तोंड सोडलं. "गाडी भरून जाते. कुणी डोळे उघडून बघितलंय का?"

साहेबांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अकराच्या फेरीला सरासरी तीन प्रवासी. तुमच्याच मशीनची नोंद आहे."

"अहो, पासवालेच वीस असतात!"

"मग त्यांची शून्याची तिकिटं कुठायत?"

"उद्यापासून काढतो," मी म्हणालो. "आता वर्षभर तरी आराखडा बदलत नाही," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कीव होती, ती मला शिवीपेक्षा जास्त लागली.

माझी दुसऱ्या मार्गावर बदली झाली. बाईंना आता दोन गाड्या बदलाव्या लागत होत्या, आणि मध्ये चढाचा रस्ता. हे ठाऊक असून मी काही करू शकलो नाही.

तीन महिन्यांनी बाई माझ्या गाडीत चढल्या. हातात डबा नव्हता.

"गेले हो," मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "मला पोचायला एक वाजायचा. नर्स सांगायची, दाराकडे बघत बसले होते, आत्ताच डोळा लागला."

मला रडू आवरेना. तरी मशीन पुढे धरलं. "बाई, पास दाखवा."

त्यांनी माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. पिशवीत हात घातला, तर आधी चमचा निघाला. तो मांडीवर ठेवून त्यांनी पास शोधला. मी तिकीट काढून दिलं.

"शून्याचं? हे कशाला?"

"गाडीत माणूस होतं, हे वरच्यांना कळावं म्हणून. मी तुम्हाला एकदाही दिलं नाही, बाई. म्हणून आपली गाडी बंद झाली."

आयुष्यभर गणित शिकवलेली बाई. कळायला वेळ लागला नाही.

"तुम्ही वाईट नाही हो," एवढंच म्हणाल्या.

थांबा आला तेव्हा त्यांना उतरवायला मी नेहमीसारखा हात पुढे केला. बाईंनी दांडा धरला आणि एकेक पायरी करत त्या एकट्याच उतरल्या.