सवेताने मला भर दुपारी उघडलं

मित्रांनो, मी एक जुनी स्तोत्रसंहिता आहे, बायबलातल्या स्तोत्रांची पोथी. किती जुनी ते विचारू नका; मला कातडं चढवणाऱ्या कारागिराच्या पणतवालाही मीच पोचवलं. माझ्या अंगावर मेणाचे डाग आहेत, आणि एका पानाला आलुबुखाराच्या दारूचा वास.

आमच्या डोंगरातल्या गावात माणूस गेलं की त्याच्या उशाशी मला तीन दिवस वाचतात. पुढचं कोणी जाईपर्यंत माझा मुक्काम त्याच घरात. एरवी मला उघडणं म्हणजे अपशकुन. त्यामुळे मला मेलेल्यांसाठीच लिहिलंय, अशी माझी समजूत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एक गिरणीवाला तेवढा मधेच शिंकला होता, पण बायकोने दटावल्यावर गप्प पडला.

गेल्या हिवाळ्यात लाकूडतोड्या तोआदेर गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, सवेताच्या फळीवर राहिले. तिने बोलणं सोडलं, मग चूल पेटवणं, मग जेवण. एक दिवस स्वतःला पुरताना घालायचे म्हणून जपलेले कपडे काढून बाकावर मांडले. मला वाटलं, आता हिच्यासाठी मला उघडतील. पण उघडलं तिनेच, भर दुपारी, आणि मोठ्याने वाचू लागली.

मी पार गोंधळले. प्रेत कुठाय? बाकावर तर नुसते कपडे. मग मोडलेल्या काळजाच्या जवळ देव असतो, अशा अर्थाची ओळ आली. त्या ओळीवरून हजार बोटं फिरली असतील, थांबलं एकही नव्हतं. सवेता थांबली. पुन्हा वाचली. पानावर काहीतरी ओलं पडलं, आणि ते मेण नव्हतं. मेलेले असं करत नाहीत हो.

कुंपणापलीकडे शेजारीण रुसांदाने वाचन ऐकलं. महिनाभर न वापरलेला घोगरा आवाज; तो सवेताचा हे तिला कसं कळावं? स्तोत्रं चाललीत म्हणजे बाई गेली. तिने देवळात मयताची घंटा वाजवायला लावली. घटकाभरात मेणबत्त्या, मयताला वाटायच्या शिजवलेल्या गोड गव्हाची परात आणि अर्धं गाव दारात. दार सवेतानेच उघडलं.

"अगं, तू मेली नाहीस?" रुसांदाने विचारलं.

"नाही गं."

"घंटासुद्धा वाजवली आम्ही. आता या गव्हाचं काय करू?"

सवेता परातीकडे बघत राहिली. "आण इकडे," ती म्हणाली. "भूक लागलीय."

दोन वाडगे खाल्ले तिने, स्वतःच्या मयताचे.

आता ती मला रोज उघडते. जिवंत माणसाचं माझ्यापाशी काय काम, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही. तरी एक विनवणी करते, मित्रांनो. माझी एखादी बहीण तुमच्या फळीवर असेल, तर तिला उघडायला कुणी मरायची वाट बघू नका.